पुढची तारीख द्या

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई



सी-पॅप यंत्र घेऊन घरी निघालेल्या रुग्णाच्या हातात पावती असते, वॉरंटी कार्ड असते, मास्क कसा धुवायचा याची चित्रे असलेली पुस्तिका असते आणि काही अडले तर लावायला विक्रेत्याचा फोन नंबर असतो. डॉक्टरांना परत कधी दाखवायचे, हे मात्र अनेकदा कुठेच लिहिलेले नसते. त्या न लिहिलेल्या तारखेसाठी मी आपल्याला हे पत्र लिहीत आहे.

हे यंत्र ज्या आजारासाठी लागते, त्याचे स्लीप अ‍ॅप्निया हे नाव आता राज्याला नवे राहिलेले नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबईत संगीतकार बप्पी लाहिरी गेले, तेव्हा त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी याच आजाराचे नाव घेतले आणि ते घरोघरी पोचले. त्याच्याही कितीतरी आधी, २००४ मध्ये, मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या साडेसहाशेहून अधिक पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. ही माणसे आजारी म्हणून आलेली नव्हती, नेहमीच्या आरोग्य तपासणीसाठी आली होती. तरीही झोपेत श्वास अडखळण्याचे प्रमाण त्यांच्यात १९.५ टक्के निघाले, आणि त्याच्या जोडीला दिवसा झोप अनावर होणाऱ्यांचे ७.५ टक्के. म्हणजे हा आजार आपल्याच शहरात मोजला गेला, त्याला वीस वर्षे उलटून गेली.

या वीस वर्षांत बरेच काही झाले. मोठ्या शहरांत स्लीप लॅब आल्या. घरच्या अंथरुणावर झोपून करायची स्लीप स्टडी आली. यंत्रे तालुक्याच्या गावापर्यंत जाऊन पोचली. मागे राहिली ती फेरतपासणी. निदान झाले, यंत्र दिले, की उपचार झाला असे धरून रुग्णाला घरी पाठवले जाते. खरे तर उपचाराची सुरुवात त्या रात्री होते.

मी डॉक्टर नाही. माझे यजमान या आजाराचे जुने रुग्ण आहेत आणि मिरजेच्या एका दवाखान्यात त्यांचे उपचार नियमित चालू आहेत. त्यांच्यासोबत ओपीडीच्या बाकावर बसून जे पाहिले, शेजारच्या रुग्णांकडून आणि त्यांच्या घरच्यांकडून जे ऐकले, डॉक्टरांना विचारून आणि वाचून जे समजून घेतले, त्याच्या आधारावर लिहिते आहे.

आजार थोडक्यात असा. झोप लागली की घशाचे स्नायू सैलावतात. काहींचा घसा इतका मिटतो की श्वासाची वाटच बंद होते. छाती-पोट हलत राहते, पण हवा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू दचकून जागा होतो, माणूस मोठ्याने घोरून श्वास घेतो आणि पुन्हा झोपतो. सकाळी त्याला यातले काहीच आठवत नाही. आठवते ते शेजारी जागणाऱ्या माणसाला. दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ श्वास असा अडण्याचे प्रकार तासाला किती होतात, त्यावर आजाराची तीव्रता ठरते. ५ ते १५ म्हणजे सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. तीव्र आजाराच्या माणसाचा श्वास सात तासांच्या झोपेत दोनशेहून अधिक वेळा अडतो. मग रक्तदाब गोळ्यांना दाद देत नाही, हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात, पक्षाघाताचा धोका वाढतो, आणि दिवसा बसल्या जागी डोळा लागतो.

एके काळी अशा तीव्र रुग्णासाठी गळ्याला छिद्र पाडण्याशिवाय फारसा इलाज नव्हता. सिडनी विद्यापीठातील डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८० मध्ये नाकावाटे हलक्या दाबाची हवा सोडून घसा उघडा ठेवून पाहिला आणि १९८१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तो प्रयोग प्रसिद्ध केला. तेच आजचे सी-पॅप. पण या यंत्राची एक मर्यादा प्रत्येक रुग्णाला आणि प्रत्येक आरोग्य अधिकाऱ्याला ठाऊक असायला हवी. ते आजार मुळातून बरा करत नाही. मास्क जेवढा वेळ नाकावर असतो तेवढाच वेळ घसा उघडा राहतो. पहाटे तीनला मास्क काढला, तर तीनपासून उजाडेपर्यंत माणूस पुन्हा बिनउपचाराचा. रात्रीचा हा शेवटचा टप्पा तर फार महत्त्वाचा, कारण स्वप्नांची झोप पहाटेकडे जास्त असते आणि त्या झोपेत घसा अधिक सैल पडतो.

यंत्र देऊन भागत नाही, याचा मोठा पुरावा २०१६ मध्ये आला. ‘सेव्ह’ नावाच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत हृदयविकार किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्या २,७०० हून अधिक स्लीप अ‍ॅप्नियाच्या रुग्णांना कित्येक वर्षे पाहिले गेले. सी-पॅप दिलेल्या गटात हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात कमी झाले नाहीत. दिवसाची झोप कमी झाली, मनःस्थिती सुधारली, पण ज्या फायद्याची मोठी आशा होती तो दिसला नाही. या निकालावर डॉक्टरांत अजून चर्चा होते. तिच्यात एक आकडा पुन्हा पुन्हा येतो: त्या रुग्णांनी यंत्र रात्री सरासरी ३.३ तास वापरले होते. झोप सात तासांची आणि उपचार जेमतेम निम्म्या रात्रीचा. औषधाची अर्धी मात्रा घेऊन गुण का येत नाही असे विचारण्याजोगेच हे आहे. जास्त तास वापरणाऱ्यांना नक्की किती लाभ होतो, हा संशोधकांचा प्रश्न. पण आपला रुग्ण किती तास वापरतो, हा दवाखान्याचा प्रश्न आहे, आणि फेरतपासणीशिवाय त्याचे उत्तर मिळत नाही.

चांगली फेरतपासणी कशी असते, ते मी जवळून पाहिले आहे. आमचे डॉक्टर आधी यंत्राच्या बाजूचे छोटे झाकण उघडून मेमरी कार्ड काढतात आणि संगणकात घालतात. पडद्यावर महिन्याचा आलेख येतो. प्रत्येक रात्रीची एक उभी पट्टी असते. मास्क किती वाजता चढवला, किती वाजता उतरवला, सगळे त्यात दिसते. सुरुवातीच्या काळात यजमानांच्या पट्ट्या अकराच्या सुमारास सुरू व्हायच्या आणि तीनच्या आसपास तुटायच्या. डॉक्टरांनी त्या तुटलेल्या टोकावर पेन ठेवून विचारले, “तीन वाजता काय होतं?”

“काही नाही. मी तर सकाळपर्यंत लावतो,” यजमान म्हणाले, आणि ते मनापासूनच म्हणाले.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. “काकू, तुम्ही सांगा.”

मी सांगितले, की पहाटे यांचा हात आपोआप वर जातो आणि झोपेतच पट्टा ओढून काढतात. सकाळी मास्क उशीखाली सापडतो. डॉक्टरांनी दुसरा आलेख उघडला. तीनच्या आधी हवेच्या गळतीची रेघ वर चढलेली होती. म्हणजे गाढ झोपेत तोंड उघडत होते, हवा तोंडावाटे निसटत होती, घसा कोरडा पडत होता आणि हात मास्ककडे जात होता. त्यांनी नाकापुरता मास्क बदलून नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क लावून पाहिला, हवा दमट करणारी पाण्याची टाकी वापरायला सांगितली आणि मागचा पट्टा सैल केला. गळती थांबावी म्हणून आम्ही तो करकचून आवळत होतो. त्याने नाकाच्या दांडीवर लाल व्रण उठला होता आणि गळती उलट वाढली होती. सगळे मिळून पंधरा मिनिटे लागली. एकही नवी गोळी लिहिली नाही. पुढच्या वेळच्या आलेखात पट्ट्या उजाडेपर्यंत पोचलेल्या होत्या.

साहेब, ही पंधरा मिनिटे ज्याला मिळत नाहीत, त्याचे यंत्र कपाटावर जाते. मी अशी घरे पाहिली आहेत. चांगले यंत्र तीस-चाळीस हजारांच्या पुढेच मिळते. खासगी आरोग्य विम्यात ते बहुधा बसत नाही. कुणी सोने मोडलेले असते, कुणी मुलाच्या पगारावर हप्ते बांधलेले असतात. नवी चप्पल चावते तसा मास्क सुरुवातीला चावतोच. नाक चोंदते, पोटात हवा जाऊन फुगल्यासारखे होते, चेहऱ्यावर काही बांधले की जीव घाबरा होतो. रात्री वीज गेली की यंत्र बंद पडते आणि माणूस घुसमटून उठून बसतो. यातल्या जवळजवळ प्रत्येक त्रासावर साधा उपाय आहे. झोप लागेपर्यंत दाब हळूहळू वाढवण्याची सोय यंत्रातच असते. मास्क दिवसा जागेपणी, टीव्ही बघताना थोडा वेळ लावून सवय करता येते. नाकाच्या अ‍ॅलर्जीवर फवारा देता येतो. इन्व्हर्टर किंवा यंत्राला चालणारी बॅटरी जोडता येते. पण हे सांगणारे माणूस पहिल्या काही आठवड्यांतच भेटायला हवे. त्या काळात मन विटले की यंत्राची बॅग पुन्हा सहसा उघडली जात नाही.

बायकांच्या बाबतीत तर विचारपूस आणखी गरजेची आहे. स्त्रियांमध्ये हा आजार अनेकदा मोठ्या घोरण्याने समोर येत नाही. थकवा, सकाळची डोकेदुखी, रात्री झोप न लागणे अशा तक्रारी असतात आणि त्या घरकामाच्या, वयाच्या, पाळी जाण्याच्या खात्यावर टाकल्या जातात. पाळी गेल्यानंतर या आजाराचा धोका वाढतो, हे फार थोड्या जणींना कुणी सांगितलेले असते. निदान झालेच, तर मास्क लावून झोपायची लाज वाटते. खोली एकच, शेजारी सून, नातवंडे. शिवाय नळाला पाणी पहाटे चारला येत असेल, तर ती चारलाच उठणार. तिच्या आलेखातली पट्टी तोकडी दिसते. तिला हलगर्जी म्हणण्याआधी पाण्याची वेळ विचारणारा डॉक्टर हवा. असे प्रश्न यंत्र विचारू शकत नाही.

आपल्याकडे आता आपोआप दाब ठरवणारी ऑटो यंत्रे सर्रास विकली जातात आणि ‘हे सगळं स्वतःच करतं, डॉक्टरकडे जायची गरज नाही’ असे रुग्णांना सांगितले जाते. हे खरे नाही. असे यंत्र ठरवून दिलेल्या मर्यादेत दाब कमी-जास्त करते, एवढेच. काही रुग्णांत सी-पॅप सुरू केल्यावर वेगळाच प्रकार दिसू लागतो: घसा उघडा असतो, पण मेंदूकडूनच श्वासाचा संदेश येत नाही. अनेकांत तो काही आठवड्यांत आपोआप ओसरतो, काहींत टिकतो, आणि तिथे नुसता दाब वाढवून भागत नाही. हृदय दुबळे असलेल्या रुग्णाकडे तर अधिकच लक्ष द्यावे लागते. आलेखातली ही खूण ओळखायला प्रशिक्षित डोळा लागतो.

विक्रेत्यांकडून येणाऱ्या तंत्रज्ञांविषयी मला तक्रार करायची नाही. त्यांतले कितीतरी तरुण पदरचे पेट्रोल खर्च करून रुग्णाच्या घरी जातात, मास्क बसवून देतात. पण डॉक्टर नसलेल्या जागी त्यांना उभे केले गेले आहे. रुग्ण फोन करतो, ‘हवा फार जोरात येते.’ तंत्रज्ञ दाब कमी करून देतो. रुग्णाला त्या रात्री बरे वाटते. हळूहळू घोरणे परत येते, पण ते कुणी मोजत नाही. रक्तदाबाच्या गोळ्या वाढतात, त्याचा यंत्राशी संबंध कुणी लावत नाही. उपचार चालू असल्याचे समाधान घरात असते आणि आजार आतल्या आत जसाच्या तसा.

आणखी एक गोष्ट. माणूस बदलत राहतो. वजन दहा किलोंनी वाढले किंवा उतरले, की जुना दाब बरोबर असेलच असे नाही. वजन कमी करण्याच्या नव्या इंजेक्शनांचा सध्या बोलबाला आहे. त्यांपैकी टिर्झेपटाइड या औषधाला डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने स्थूल व्यक्तींमधील मध्यम आणि तीव्र स्लीप अ‍ॅप्नियासाठी मान्यता दिली. ही चांगली बातमी आहे. पण वजन उतरल्यावर यंत्र बंद करायचे की दाब कमी करायचा, हे मनाने ठरवून चालणार नाही. पुन्हा स्लीप स्टडी करूनच ते ठरते. दंतवैद्याकडून खालचा जबडा पुढे धरणारी पट्टी बसवून घेतलेल्यांना, नाकाची किंवा घशाची शस्त्रक्रिया झालेल्यांनाही हेच लागू. घोरण्याचा आवाज थांबला म्हणजे श्वास अडणे थांबले, असे गृहीत धरता येत नाही. आणि ज्याला यंत्र काही केल्या सोसत नाही, त्यालाही हे दुसरे मार्ग आहेत, हे फेरतपासणीतच कळते. तो रुग्ण परत आलाच नाही, तर त्याच्यापुरते सगळे दरवाजे बंद.

रुग्णांची नोंद नसल्याने काय होते, हे जून २०२१ मध्ये जगाने पाहिले. फिलिप्स कंपनीने आपल्या लाखो सी-पॅप आणि तत्सम यंत्रांबाबत इशारा दिला आणि ती परत मागवली. आवाज दाबण्यासाठी आत बसवलेला फोम झिजून त्याचे कण किंवा वायू श्वासात जाण्याची शक्यता होती. जे रुग्ण डॉक्टरांच्या संपर्कात होते, त्यांना आपले यंत्र त्यातले आहे का, तोवर काय करायचे, हे विचारायला जागा होती. ज्यांचा संबंध विकत घेतल्या दिवशीच संपला होता, त्यांना कोण कळवणार? आपल्या राज्यात कुणाच्या घरी कोणते यंत्र चालू आहे, याची यादी आज शासनाकडे असायला हवी होती, असे मला वाटते.

हा प्रश्न एकट्या रुग्णाचाही नाही. एसटीचा चालक, मालट्रकचा चालक, रात्री कोल्हापूरहून मुंबईला भाजी घेऊन जाणारा टेम्पोवाला यांच्यापैकी कुणाला हा आजार असेल, तर तो रस्त्यावरच्या सर्वांचा प्रश्न होतो. उपचार न घेतलेल्या चालकांत अपघाताचा धोका इतरांच्या दुप्पट-तिप्पट असल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे. ब्रिटनमध्ये बस-ट्रकच्या चालकाला मध्यम किंवा तीव्र स्लीप अ‍ॅप्निया असेल आणि दिवसा झोप अनावर होत असेल, तर आजार आटोक्यात येईपर्यंत गाडी चालवता येत नाही. आटोक्यात आला की परवाना राहतो, फक्त दरवर्षी फेरतपासणी करावी लागते. यातला दुसरा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. आपला चालक आजार लपवतो, कारण सांगितले तर नोकरी जाईल ही भीती. फेरतपासणीचा चांगला अहवाल म्हणजे पुन्हा चाक हातात मिळण्याची हमी असे ठरले, तर तो स्वतः होऊन दवाखान्यात येईल.

अमेरिकेत ज्येष्ठांसाठीच्या ‘मेडिकेअर’ या सरकारी विम्याचा नियम असा: यंत्र मिळाल्यावर ३१ व्या ते ९१ व्या दिवसाच्या दरम्यान डॉक्टरांची भेट झालीच पाहिजे, आणि पहिल्या तीन महिन्यांतल्या सलग ३० दिवसांपैकी किमान ७० टक्के रात्री निदान चार तास यंत्र वापरल्याची नोंद असली पाहिजे. नाहीतर यंत्राचे पैसे मिळत नाहीत. त्यातली पैसे अडवण्याची अट आपल्याकडे आणू नये, अशी माझी विनंती आहे. चार तास न भरणाऱ्यांत रात्रपाळीचा कामगार असतो, तान्ह्या मुलाची आई असते, वीज नसलेल्या वस्तीतला माणूस असतो. त्यांना मदत जास्त लागते, शिक्षा नव्हे. पण पहिल्या तीन महिन्यांत डॉक्टर आणि रुग्ण समोरासमोर बसलेच पाहिजेत, हा आग्रह आपण जरूर घ्यावा.

आपल्या विभागाला पाठपुरावा नवा नाही. क्षयरोगाच्या रुग्णाला औषध देऊन आपण मोकळे होत नाही. त्याची नोंद ‘निक्षय’ पोर्टलवर होते, ठरल्या वेळी पुन्हा तपासणी होते, तो आला नाही तर आशाताई दार ठोठावते. रोग दीर्घ असेल तर रुग्णाला एकटे सोडायचे नाही, हे या राज्याच्या आरोग्यसेवेने गावोगाव करून दाखवले आहे. स्लीप अ‍ॅप्निया संसर्गजन्य नाही, पण दीर्घ आहे, आणि रक्तदाब-मधुमेहाच्या रांगेत उभ्या असलेल्या कितीतरी जणांच्या अंगात तो न ओळखलेला आहे. म्हणून माझ्या मागण्या मोजक्या आहेत आणि त्यांसाठी नवे रुग्णालय बांधावे लागणार नाही.

पहिली मागणी. यंत्र किंवा मास्क लिहून देणाऱ्या प्रत्येक सरकारी रुग्णालयाने केस पेपरवर फेरतपासणीच्या तारखा लिहून द्याव्यात. पहिल्या आठवड्यात एक फोन, महिन्याच्या आत एक भेट, तीन महिन्यांच्या आत दुसरी, आणि मग निदान वर्षातून एकदा. खासगी दवाखान्यांनाही हीच पद्धत पाळण्याची सूचना जावी.

दुसरी. जिल्हा रुग्णालयांतल्या असंसर्गजन्य रोगांच्या कक्षात महिन्यातून ठरलेल्या एका दिवशी झोपेच्या विकारांची ओपीडी ठेवावी. कार्ड वाचायला एक संगणक आणि प्रशिक्षण घेतलेला एक तंत्रज्ञ एवढे पुरेल. तज्ज्ञ जवळ नसतील तिथे ‘ई-संजीवनी’ या ऑनलाइन सल्लासेवेवरून वैद्यकीय महाविद्यालयातले छातीरोगतज्ज्ञ आलेख पाहू शकतील. महाविद्यालये वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आणि जिल्हा रुग्णालये आपल्याकडे, ही वाटणी रुग्णाच्या आड येऊ नये. गडचिरोलीच्या माणसाला मास्कचा पट्टा सैल करून घ्यायला नागपूर गाठावे लागू नये.

तिसरी. त्याच कक्षात रक्तदाब मोजताना तीन प्रश्न विचारले जावेत: मोठ्याने घोरता का, झोपेत श्वास थांबल्याचे घरच्यांनी पाहिले आहे का, दिवसा बसल्या बसल्या झोप लागते का. आणि ज्यांचे उपचार चालू आहेत त्यांना चौथा: यंत्र लावता का?

चौथी. डॉक्टरांच्या लेखी सूचनेशिवाय यंत्र विकू नये आणि दाब बदलू नये, याकडे अन्न व औषध प्रशासनाने लक्ष द्यावे. प्रत्येक यंत्राची नोंद ठेवली जावी. म्हणजे पुन्हा कधी यंत्रे परत मागवण्याची वेळ आली, तर रुग्णापर्यंत निरोप पोचेल.

पाचवी. यंत्र परवडत नाही अशांसाठी जिल्हा रुग्णालयात यंत्रपेढी असावी. वापरात नसलेली यंत्रे लोक आनंदाने देतील. ती तपासून, निर्जंतुक करून, नव्या मास्कसह गरजूला द्यावीत आणि सोबत फेरतपासणीची तारीखही द्यावी.

सहावी. परिवहन विभागाशी बोलून एसटीच्या आणि मालवाहतुकीच्या चालकांसाठी असे धोरण ठरवावे, की तपासणीला सामोरा जाणारा आणि उपचार पाळणारा चालक नोकरी गमावणार नाही.

छातीरोगतज्ज्ञ, कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि फॅमिली डॉक्टर हे पत्र वाचत असतील, तर त्यांनाही विनंती. आपल्या ओपीडीची गर्दी मला ठाऊक आहे. तरीही यंत्र वापरणाऱ्या रुग्णाला ‘कसे आहात’ एवढ्यावर सोडू नका. कार्ड मागवा, आलेख त्याला दाखवा, आणि सोबत आलेल्या माणसाला बोलू द्या. रात्रीचा खरा साक्षीदार तोच असतो. रुग्णाने कमी तास वापरले असतील तर रागावू नका. रागावलेल्या डॉक्टरांकडे माणूस पुढच्या वेळी कार्ड घरी विसरून येतो, आणि नंतर येतच नाही.

आणि घरच्या मंडळींना एक सांगणे. यंत्र आणून दिले म्हणजे आपली जबाबदारी संपली, असे समजू नका. फेरतपासणीला सोबत जा. जाताना यंत्र, मास्क, चालू गोळ्यांची यादी आणि रक्तदाबाच्या नोंदी घेऊन जा. कोरडे तोंड, चोंदलेले नाक, पहाटे काढलेला मास्क, दुपारची पेंग, यातले काहीही क्षुल्लक म्हणून गाळू नका. तारीख दिली नसेल तर मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे.

मंत्रिमहोदय, झोप ही माणसाची मूलभूत गरज आहे आणि ती जगण्याच्या हक्कात येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये रामलीला मैदान प्रकरणाच्या निकालात म्हटले आहे. जो माणूस श्वास अडल्यामुळे रात्रभर झोपू शकत नाही, त्याचा हा हक्क यंत्राच्या विक्रीने पुरा होत नाही. त्यासाठी कुणीतरी त्याला महिन्याने, तीन महिन्यांनी, वर्षाने बोलावून विचारले पाहिजे. आपल्या विभागाने एक परिपत्रक काढावे: सी-पॅपचा कोणताही रुग्ण पुढच्या तपासणीची तारीख लिहून घेतल्याशिवाय सरकारी रुग्णालयातून घरी जाणार नाही. सुरुवात एवढ्याने केली तरी अनेक घरांत यंत्रे कपाटावरून खाली येतील. हे परिपत्रक आपण लवकर काढावे, ही आग्रहाची विनंती.

आपली नम्र,
सांगली जिल्ह्यातील एका रुग्णाची पत्नी